निसटू शकेल असं जनावर

नल्लकुंटा, हैदराबाद
२७ एप्रिल २०२५

चि. रेणू,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते धरून चाल. फोनवर तू ओरडतेस, मी "काय? काय?" करत बसतो आणि आपल्या दोघांचं बोलणं खालच्या मजल्यावरच्यांना पाठ होतं. म्हणून कागद घेतला.

परवा विक्रम हिमायतनगरहून आला होता. मुलगा भेटायला आला म्हणून तुझी काकू खूश, पण मला त्याच्या काखेतली फाईल आधी दिसली. एक ब्रॉयलर कंपनी चेवेळ्ळ्याची आपली बाग मागते आहे. आंबे तोडायचे, लांबच लांब शेड उभ्या करायच्या. पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, डॉक्टर त्यांचा. आपण फक्त जमीन द्यायची आणि दर महिन्याला पैसे मोजायचे. बाग माझ्या नावावर आहे, पण गेली तीन वर्षं तिथे राबते आहेस तू, नोकरी सोडून. म्हणून तुला न विचारता मी हो म्हणणार नाही. पण विचारतो आहे ते सरळ विचारतो आहे. नाही का म्हणू, ते मला सांग.

कारण मला तरी विक्रमच्या शेडमध्ये आणि तुझ्या गावरान कोंबड्यांमध्ये फरक दिसत नाही. दोघंही दाणे घालणार, जनावर विश्वासाने जवळ येणार आणि मग दोघंही सुरी काढणार. तुझी सुरी जरा प्रेमळ असेल, एवढंच.

आपल्या घरची रीत तुझ्या वडिलांनी तुला सांगितली की नाही, ठाऊक नाही. नामदेवला शिकारीचा कंटाळा होता. भालकीच्या माळावर आमचे वडील ससा बसलेला दिसला तर बंदूक उचलत नसत. आधी टाळी वाजवायची. ससा उठला, पळाला, तर बार. बसलेल्यावर बार टाकणाऱ्याला ते जेवायला बोलवत नसत. आखाडात म्हसोबाला नैवेद्य जायचा तोही अशाच जनावराचा, ज्याला आपल्या हातून निसटता आलं असतं. दावणीचं, खुराड्यातलं देवाला चालत नसे. शिकारीचा कायदा आला तेव्हा मी पंचविशीत होतो. कायदा बरोबर होता, मी बंदूक जमा केली. आणि पाळलेलं खाणं मला जमेना, म्हणून तेव्हापासून मांसाला शिवलो नाही. देवालाही वांग्यावर भागवायला लावलं.

विक्रमला मी आखाडापर्यंतची मुदत दिली आहे. तोवर तुला काय म्हणायचं ते म्हण.

अप्पाकाका

*

चेवेळ्ळा
६ मे २०२५

अप्पाकाका,

नमस्कार. पाया पडायला येईन तेव्हा येईन, तोवर हा कागदावरचा मोजून घ्या.

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. प्रेमळ सुरी काय! मग वाटलं, तुम्ही निदान विचारता तरी आहात. बाकी सगळे जण जेवून हात धुतात आणि मोकळे होतात.

कंपनीची शेड मी आतून पाहिली आहे. शेजारच्या गावात आहे. कोंबडी स्वतःच्या वजनाने बसते ती उठत नाही, कारण छाती एवढी वाढवलेली असते की पायांना पेलत नाही. दिवे मालवत नाहीत, म्हणजे ती खातच राहावी. त्यांना अंधार माहीत नाही, माती माहीत नाही. पाय दुखतात म्हणून ओरडतात की कशासाठी, ते मला समजलं नाही, पण मी बाहेर आले तेव्हा कान बंद करून आले होते.

आता माझ्याकडचं ऐका. सकाळी खुराड्याचं दार मी उघडते आणि दिवसभर ते उघडंच असतं. बागेला कुंपण आहे ते गुरांसाठी, कोंबड्या ते उडून पार करतात. निम्म्या तर संध्याकाळी खुराड्यात येतच नाहीत, चिंचेवर जाऊन बसतात. मुंगूस एखादी नेतं. शिकरा पिल्लं उचलतो. काही जणी पलीकडच्या माळावर गेल्या त्या परत आल्याच नाहीत, तिकडेच संसार थाटला असावा. इथले लोक माझ्या कोंबड्यांना नाटुकोडी, म्हणजे गावठी कोंबडी, म्हणून नेतात आणि हाडं कडक असल्याची तक्रारही करतात. पळणाऱ्याची हाडं कडकच असणार.

कापायचं काम मी दुसऱ्याला देत नाही, हेही सांगून टाकते. माझा हात अजून थरथरतो. थरथरायचा थांबला तर हा धंदा सोडेन.

तुम्ही सशाला एक टाळी दिलीत आणि मग बार टाकलात. त्याआधी तो कसा जगला, उपाशी होता की पोटभर, त्याचं तुमच्याकडे काही नव्हतं. माझ्याकडे एकेका कोंबड्याचं सगळं आयुष्य आहे, अंड्यापासूनचं. त्याचा जाब मला द्यायचा आहे. म्हणून फरक आहे.

बाग विक्रमदादाला देऊ नका. मी दुसरं काही मागत नाही. एकदा येऊन बघा आणि मग ठरवा.

तुमची,
रेणू

*

नल्लकुंटा
१९ मे २०२५

चि. रेणू,

या उन्हात चेवेळ्ळ्याला यायला मी काही कोंबडा नाही. पत्र मात्र वाचलं, दोनदा वाचलं. काकूलाही वाचून दाखवलं. ती तुझ्या बाजूची आहे, तेव्हा तिचं मत धरत नाही.

शेडचं तू लिहिलंस ते खरं असणार. पण विक्रम वाईट ठरला म्हणून तू आपोआप चांगली ठरत नाहीस. तू लिहितेस, दार उघडं असतं. मग त्या परत का येतात? तू हाक मारतेस, मूठभर ज्वारी टाकतेस, म्हणून येतात. तुझी हाक हेच जाळं आहे, रेणू. माझ्या बंदुकीला निदान बंदूक म्हणत होते. ससा मला ओळखत नव्हता, म्हणून मी त्याला फसवूही शकलो नाही. तुझा कोंबडा तुला ओळखतो. याचं उत्तर दे.

विक्रम म्हणतो, जुन्या शहरात त्याच्या ओळखीचा एक जण आहे, तो आखाडाला खरे रानातले तितर आणून देईल. माझं वय झालं, एकदा तरी देवाला रीतीप्रमाणे नैवेद्य जाऊ दे, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं नाही. पण तितराचं नाव काढलं आणि इतक्या वर्षांनी तोंडाला पाणी सुटलं, हे लपवून काय करू.

अप्पाकाका

*

चेवेळ्ळा
२५ मे २०२५

अप्पाकाका,

तुमच्या जाळ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. हाक मारली की येतात, हे खरं आहे. मी त्यांना फसवत नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. एवढंच म्हणते की हाकेचं मोल मी रोज देते आणि ते कमी पडतं हे मला ठाऊक आहे.

पण तितर?

कायदा मोडतो, तुरुंग आहे, ते सगळं बाजूला ठेवते. तुमच्या माळावर तितर होते तेव्हा माळही होता. आता आमच्या तलावाच्या उतारावर एकच जोडी उरली आहे. पहाटे ओरडते. मी त्यांना कधी दाणा घातला नाही, त्यांना माझं नाव माहीत नाही, तुम्हाला हवं तस्संच. पलीकडे प्लॉट पडले आहेत, रस्ता आला आहे, विहिरीच्या काठचं गवतही आता जाळतात. त्यांना निसटायला जागाच उरली नाही, काका. मग तुमच्या टाळीचा उपयोग काय? जे आता कुठेच पळू शकत नाही ते रानातलं असलं तरी कोंडलेलंच आहे.

मी कधी तुम्हाला धमकी दिली नाही. आज देते. तुमच्या स्वयंपाकघरात तितर शिजला तर बाग तुम्हीच विक्रमदादाला देऊन टाका. मी माझं सामान उचलते. मला शेडपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटेल, कारण शेडवाल्यांना कुणी रीत शिकवली नव्हती.

रेणू

*

नल्लकुंटा
१२ जून २०२५

चि. रेणू,

तुझ्या धमकीचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर केला तो मुद्दाम, कारण रागात लिहिलं असतं तर तुझ्यासारखंच चांगलं लिहिलं असतं आणि मग दोघांनाही ते गिळावं लागलं असतं.

आता ऐक काय झालं ते. काल विक्रम आला, हातात डालगं, वर ओलं फडकं. चेहरा असा की लग्नाची वरात घेऊन आलाय. गौलीगुड्याच्या मागे कुठल्याशा गल्लीत तो माणूस भेटला म्हणे, भलतीच किंमत घेतली, पण माल खास रानातला. तो मला हळू आवाजात सांगायला गेला आणि मला ऐकू आलं नाही म्हणून मग जिन्यातूनच ओरडून सांगितलं. चोरीचं काम करायला हा मुलगा जन्माला आलेला नाही.

मी फडकं काढलं. रानातला तितर फडकं काढताच डोकं फोडून घेईल, एवढा उसळतो. हे बसून होते. मी टाळी वाजवली. एकही हलला नाही. उलट सगळ्यांनी माना वर केल्या आणि माझ्या हाताकडे बघितलं. मी काही तरी खायला घालणार असं त्यांना वाटलं.

एकाला हातात घेऊन पाय पाहिले. तळवे मऊ, लहान मुलाच्या गालासारखे, आणि नखं वाढून वळलेली. त्या पायांनी जन्मात माती उकरलेली नव्हती. तारेच्या जाळीवर वाढलेले फार्मचे बटेर होते ते, रंगाला जरा गडद, म्हणून तितर म्हणून गळ्यात मारले. मी सांगितलं तेव्हा विक्रम म्हणाला, "नक्को बाबा, थट्टा करू नका." मग त्याने स्वतः टाळी वाजवून बघितली. तुझी काकू हसून हसून पाटावर बसली.

मीही हसलो. पण हसून झाल्यावर मला बरं वाटेना. ससे, तितर, हरणं, मी पुष्कळ मारली आहेत, त्यांच्या डोळ्यांत भीती पाहिली आहे. पण ज्याला पळावंसंच वाटत नाही असं पाखरू मी कधी पाहिलं नव्हतं. भीतीसुद्धा काढून घेतली त्याच्याकडून. मला त्यांची कीव आली नाही, मला लाज वाटली, आणि कुणाच्या वतीने ते कळेना.

खायचा प्रश्नच नाही. नल्लकुंट्याच्या गच्चीवर सोडले तर मांजरं सण करतील. तेव्हा डालगं तुझ्याकडे पाठवतो आहे आणि ते घेऊन विक्रमच येईल, त्याच्याच गाडीतून. ही त्याची शिक्षा. तुला जमत असेल तर त्यांना पाय दे. नाही जमलं तरी कळव.

अप्पाकाका

*

चेवेळ्ळा
२४ जून २०२५

अप्पाकाका,

विक्रमदादा पांढरे बूट घालून चिखलात उतरला, ही बातमी आधी. बुटांचं काय झालं ते विचारू नका.

बटेर मातीवर सोडले तेव्हा त्यांनी एकेक पाय उचलून धरला, जशी तुम्ही थंड फरशीवर सकाळी पावलं टाकता तशी. चालणं ठाऊक नव्हतं. मी वरून जाळी लावली होती, नाही तर कावळ्यांनी एका दिवसात निकाल लावला असता. ज्वारीचा दाणा टाकला तर तो मातीत शोधायचा असतो, हेही त्यांना माहीत नाही. ताटलीत दिला तरच खात. मला वाटलं, उशीर झाला, यांच्यातलं पाखरू कधीच गेलं.

मग एका दुपारी एकीने अंग टाकलं. मला वाटलं, मेली. जवळ जाऊन बघते तर धुळीत लोळते आहे, पंखांनी माती अंगावर उडवते आहे. कुणी शिकवलं तिला? आई पाहिली नाही, घरटं पाहिलं नाही, यंत्रात उबवलेलं पिल्लू. दुसऱ्या दिवशी सगळेच लोळत होते, धूळच धूळ.

आणि परवा घारीची सावली जाळीवरून गेली. काका, ते सगळे एका क्षणात घाणेरीच्या झुडपात! एकही बाहेर नाही. मी तिथेच बसून रडले, हे तुम्ही कुणाला सांगू नका. त्यांची भीती परत आली होती. भीती परत आली म्हणून कुणी आनंदाने रडत असेल तर तो आपल्याच घरातला असणार.

दोन मेले. एकाला मुंगसाने जाळीखालून ओढलं, एक आजारी होता. तेही लिहिते, म्हणजे तुम्ही म्हणणार नाही की पोरीने गोडच गोड लिहिलं.

विक्रमदादा त्यानंतर दोन वेळा आला. चहा पितो, जाळीजवळ बसतो, शेडचं नाव काढत नाही. मी पण काढत नाही.

आखाडाचा शेवटचा रविवार वीस जुलैला आहे. म्हसोबाचा दगड बागेच्या बांधावर आहेच. या. माझ्या कोंबड्यांवर तुम्ही स्वतः टाळी वाजवा. एकही जागेवर बसून राहिला तर बाग विक्रमदादाला द्या. मला कबूल आहे.

रेणू

*

नल्लकुंटा
१४ जुलै २०२५

गं रेणू,

मी काही पत्र लिहिणारी नव्हे, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते येणार आहेत. तोंडाने "बघू, जमलं तर" म्हणतात आणि काल काठीला नवं रबर बसवून आणलं. गल्लीत चार जणांना सांगून झालं की रविवारी शिकारीला जायचं आहे. शेजारच्या रेड्डींना खरंच वाटलं, ते घाबरून मला विचारायला आले.

एक गोष्ट तुला माहीत असावी. तितराचं विक्रमच्या डोक्यातून निघालं असं तू समजली असशील. विषय यांनीच काढला होता. "आता मेलो तर आखाडाचं तसंच राहील," असं जेवताना म्हणाले आणि पोरगा बिचारा लागला शोधायला. बापाला काही तरी द्यावं असं त्यालाही वाटतं, फक्त काय द्यावं ते कळत नाही.

माझे गुडघे त्या बांधावर चढणार नाहीत, मी येत नाही. येसर भाजून, कुटून ठेवला आहे. पन्नास वर्षं आखाडात वांगी चिरली मी. हा मसाला कशासाठी ते मी यांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नको.

काकू

*

चेवेळ्ळा
२० जुलै २०२५

पद्माकाकू,

हे पत्र काकांच्याच हाती देते आहे, डब्यासोबत. ते गाडीत उघडून वाचतील, तर वाचू देत.

तुम्ही पाहायला हवं होतं. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता म्हणाले, कुठे आहे तुझा तो कोंबडा? मी लांबून दाखवला, तांबडा, तुरेवाला, चिंचेखाली उकरत होता. काठी विक्रमदादाच्या हातात दिली. धोतर आवरलं. आणि वाजवली टाळी, अशी की तलावावरचे बगळे उठले.

कोंबडा सरळ वर. चिंचेच्या मधल्या फांदीवर. तिथून खाली बघून ओरडला, अगदी शिव्या दिल्यासारखा. बाकीच्या कोंबड्या कुठे पांगल्या ते कळलंच नाही. अंगणात एक पीससुद्धा हलत नव्हतं. काका दोन्ही हात वर करून उभे राहिले. मला वाटलं, चक्कर आली. बघते तर हसताहेत. डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही, नुसते हसताहेत.

"निसटला," म्हणाले. "बघितलंस रेणू? माझ्या हातून निसटला."

मग त्यांनी रीत सांगितली. एका टाळीतून सुटला तो त्या वर्षापुरता सुटला, त्याच्या मागे लागायचं नाही. म्हणून तांबड्याला अभय. दुसरा, काळ्या पिसांचा, घाणेरीकडे पळत होता. त्याच्यावर टाळी झाली. तो उडाला, कुंपणापर्यंत गेला, आणि कुंपणाजवळ आपला विक्रमदादा उभा. काकू, त्याने झेप घेतली. खरंच घेतली, त्या बुटांसकट, पोटावर पडला चिखलात, आणि उठला तेव्हा हातात कोंबडा होता. मी त्याला लहानपणापासून ओळखते, एवढा आनंदी मी त्याला कधी पाहिला नाही. "बाबा, पकडला!" असा ओरडला की काकांना कानाच्या यंत्राशिवाय ऐकू गेलं.

कापायच्या वेळी मी एकटीच जाते, पण काका आले. कोंबड्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. सुरी मी चालवली. झाल्यावर म्हणाले, "हाक म्हणजे जाळं, हे मी मागे घेत नाही." मी म्हटलं, घेऊ नका. मग म्हणाले, "पण याला जाता आलं असतं. रोज जाता आलं असतं."

तुमचा येसर उघडला आणि सगळं घर डोळ्यांसमोर उभं राहिलं बघा. नैवेद्य म्हसोबाला, मग काका बसले. पहिला घास बराच वेळ तोंडात ठेवला. हाडं कडक आहेत म्हणून माझी चेष्टा केली आणि पुन्हा वाढून घेतलं. पुन्हा म्हणजे दोनदा. विक्रमदादा चिखलाच्या कपड्यांतच त्यांच्या पंक्तीला बसला होता. काकांनी आपल्या ताटातला तुकडा उचलून त्याच्या ताटात ठेवला आणि तो खाली मान घालून जेवत राहिला.

बागेचं मात्र काही बोलले नाहीत. गाडीत बसायला निघाले आहेत. मी विचारणार नाही.

तुमच्या वाटणीचा डबा वेगळा बांधला आहे, झाकणावर फडकं आहे तो तुमचा.

रेणू

*

नल्लकुंटा
२ ऑगस्ट २०२५

चि. रेणू,

तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही म्हणून तू हे सगळे दिवस जळत बसली असशील. दोघंही एकाच घरचे, त्याला इलाज नाही.

डबा काकूने एकटीने संपवला. मला रस्सासुद्धा दिला नाही. पन्नास वर्षांचा हिशेब आहे म्हणाली.

मी म्हातारा झालो आहे पण माझं डोकं ठिकाणावर आहे, तेव्हा असं समजू नकोस की एका जेवणाने मी पाघळलो. मला अजूनही वाटतं की रानातल्या जनावराला आपण फसवत नव्हतो. पण त्याचं रानच आपण काढून घेतलं आणि आता त्याला टाळी वाजवून मोठेपणा मिरवणं म्हणजे बसलेल्यावर बार टाकणं आहे. हे तू मला मे महिन्यात लिहिलं होतंस. मला ते जुलैत समजलं. तुझ्या चिंचेखाली उभा राहिलो आणि वाटलं, आमच्या वडिलांनी इथे पान मांडून घेतलं असतं. फार मोठी गोष्ट आहे ही, रेणू. मी मारलेलं जेवायला ते कधी बसले नव्हते, बार नेमका टाकला तरी.

काल कंपनीचा माणूस आला होता, सही घ्यायला. चांगला मुलगा होता, इस्त्रीचा शर्ट, पेन उघडून तयार. काकूने चहा दिला. विक्रम माझ्या शेजारी बसला होता. मला वाटलं होतं, तो मध्ये बोलेल. तो बोलला तो एवढंच, "बाबांचं ऐका." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग मी त्या मुलाला सांगितलं की बाग माझी नाही. माझ्या पुतणीची आहे. गेल्या आठवड्यात रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन विक्रम आणि मी ती तुझ्या नावावर करून आलो, कागद तुला टपालाने येतील. तो मुलगा म्हणाला, मग त्यांना भेटतो, कदाचित त्या विचार करतील. मी म्हटलं, भेटायची गरज नाही, तिचा नकार आहे.

तुझा नकार तुला न विचारता कळवला, एवढं चालवून घे.

अप्पाकाका